एअर फ्लो सेन्सरचा कोड आला? नवा सेन्सर आणण्याआधी हा क्रम पाळा

पिकअप गेलाय, अ‍ॅव्हरेज पडलंय, चेक लाइट लागलीय. गॅरेजात स्कॅनर जोडला, एअर फ्लो सेन्सरचा कोड दिसला, संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसला. आठवडाभर गाडी बरी पळते आणि मग तीच लाइट परत. मधल्या दिवसांत गाडी बरी पळाली ती नव्या सेन्सरमुळंच, असं धरून चालू नका. कोड पुसताना ईसीयूनं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकानं, शिकून ठेवलेले इंधनाचे हिशेबही बहुतेक गाड्यांत पुसले जातात. ते पुन्हा बिघडायला तेवढे दिवस लागतात, एवढंच.

घोळ मुळात एकच आहे. कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं, म्हणून दोष त्याच्याच माथी मारला जातो. पण सेन्सरचं काम इंजिनात जाणारी हवा मोजायचं. आकडा कमी आला तर दोन शक्यता राहतात: सेन्सर खोटा आकडा देतोय, किंवा इंजिनात खरोखरच तेवढीच हवा जातेय. खालची सगळी तपासणी या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी आहे. क्रम बदलू नका. आधी सेन्सर साफ केला, बॅटरी काढली किंवा कोड पुसला, तर पुढच्या टप्प्यांना लागणारा पुरावाच जातो.

गॅरेजात याला कुणी एअर मास म्हणतं, कुणी मॅफ. इथं मॅफच लिहितो.

टप्पा १: गाडीत मॅफ आहे का, ते आधी बघा

हसू नका, पण बरेचजण इथंच चुकतात. मॅफ एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर येणाऱ्या पाइपवर, किंवा डब्याच्या तोंडावरच बसवलेला असतो. त्याला चार-पाच वायरींचा कपलर असतो. मारुतीच्या के सीरिज पेट्रोल इंजिनांत, म्हणजे अल्टो, वॅगनआर वगैरेंत, मॅफ नसतो. तिथं इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. स्विफ्टचं जुनं १.३ डिझेल, टोयोटा कोरोला अल्टिस, फोक्सवॅगन-स्कोडाची टीडीआय डिझेल इंजिनं, यांत मॅफ आहे.

सावध: मोबाइलवरची काही अ‍ॅप मॅप सेन्सरच्या आकड्यावरून हिशेब करून हवेचे ग्रॅम दाखवतात. पडद्यावर आकडा दिसला म्हणजे गाडीत मॅफ आहे असं समजू नका. बोनेट उघडून डोळ्यानं बघा.

टप्पा २: तयारी

सामान फार लागत नाही. ओबीडी अ‍ॅडॉप्टर आणि लाइव्ह डेटा दाखवणारं अ‍ॅप, डिजिटल मल्टीमीटर, कपलरच्या मागून घालायला बारीक पिना, टॉर्च, आणि मॅफसाठीच बनवलेला क्लीनर स्प्रे. सेन्सरचे स्क्रू बऱ्याचदा मधे टोक असलेले टॉर्क्स टी-२० असतात. त्याचा भोकवाला बिट आधीच आणा. साध्या स्क्रूड्रायव्हरनं ते फिरवायला गेलं की डोकी गोल होतात.

२०१३ नंतरच्या जवळजवळ सगळ्या कारमध्ये स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, असतं. पेट्रोल गाडीसाठी हजार रुपयांच्या आत-बाहेरचं अ‍ॅडॉप्टर पुरतं. डिझेलवाल्यांनी मात्र ज्याच्याकडं तुमच्या कंपनीचा डेटा वाचणारा चांगला स्कॅनर आहे, असं गॅरेज शोधावं. ईजीआरचे (जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) आकडे स्वस्त अ‍ॅपमध्ये बहुधा दिसत नाहीत.

टप्पा ५ मधली सकाळची थंड तपासणी सोडली, तर मोजण्याआधी एवढ्या अटी पूर्ण करा: कूलंट ८० अंशांच्या वर, एसी बंद, दिवे बंद, चावी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास. सीएनजीची गाडी पेट्रोलवर चालवून तपासा. गॅसवर असताना मिश्रण किटवरून ठरतं, त्यामुळं मॅफबद्दल त्यातून काही कळत नाही. कोड फक्त गॅसवर येत असेल तर हा लेख इथंच थांबवा आणि किटवाल्याकडं जा. मात्र मिक्सरचं जुनं किट असेल आणि इनटेकमध्ये कधी भडका उडाला असेल, तर त्या धक्क्यानं मॅफच्या आतली हवा मोजणारी बारीक तार खरोखर तुटू शकते. हे किटवाल्याला आवर्जून सांगा.

एक वही घ्या. आकडे डोक्यात ठेवू नका.

टप्पा ३: कोड वाचा, पुसू नका

सगळे कोड लिहून घ्या, प्रलंबितसुद्धा, म्हणजे ज्यांनी अजून चेक लाइट लावलेली नाही तेही. आणि फ्रीझ फ्रेम बघा. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, कूलंट किती गरम, लोड (इंजिनावरचा ताण) किती, हे ईसीयूनं जपून ठेवलेलं असतं. गगनबावड्याच्या रस्त्यावर चढाला पडलेला कोड आणि सिग्नलला उभं असताना पडलेला कोड यांची कारणं बहुधा वेगळी असतात. पुसलात की ही माहिती गेली.

पी०१०२ म्हणजे सिग्नल फार खाली. वायर तुटलीय, फ्यूज गेलाय, कपलर सैल आहे, यापैकी काही आधी बघायचं. पी०१०३ म्हणजे सिग्नल फार वर. इथं शॉर्ट किंवा तुटलेली अर्थिंगची वायर शोधायची. पी०१०० आणि पी०१०४ हेही सर्किटचेच; शेवटचा येतो-जातो प्रकारातला. या चौघांपैकी काही आलं तर टप्पा ४ उरकून थेट टप्पा ८ वर गेलात तरी चालेल.

पी०१०१ वेगळा आहे आणि सगळ्यात जास्त पैसे त्याच्यापायी वाया जातात. सर्किट ठीक आहे, पण आलेला आकडा इंजिनाच्या बाकीच्या परिस्थितीशी जुळत नाही, असं तो सांगतो. फाटलेला पाइप, तुंबलेला फिल्टर, अडकलेला ईजीआर, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरची धूर स्वच्छ करणारी जाळी), मळलेला सेन्सर, यांपैकी कशानंही तो येतो.

सोबत पी०१७१ असेल तर इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. सोबत पी०११३ असेल, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा कोड, तर कपलरवर संशय घ्या. तापमानाचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत मॅफच्याच अंगात असतो. दोघं एकदम मरण्यापेक्षा दोघांचा कपलर सुटण्याची शक्यता कितीतरी जास्त.

टप्पा ४: डोळे आणि हात

या टप्प्याला पैसे लागत नाहीत, म्हणून बहुतेक लोक तो गाळतात.

फिल्टरचा डबा उघडा. ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर गळीत हंगामात, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या बाजूला बारा महिने, फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. तो किती काळा झालाय यापेक्षा घड्यांच्या तळाशी काय आहे ते बघा. टॉर्च मागून धरा. उजेड कुठंच येत नसेल तर बदला. एखाद्या ठिकाणी लख्ख टिपका दिसला तर तिथं भोक आहे. सर्व्हिसिंगला कंप्रेसरची हवा जवळून मारली की कागद असाच फाटतो आणि मग बारीक धूळ थेट मॅफच्या तारेवर जाऊन बसते.

फिल्टरच्या कडेचं रबर डब्यात सगळीकडून दाबलं गेलंय का? स्वस्तातले फिल्टर दोन-तीन मिलिमीटर आखूड असतात आणि एका कोपऱ्यातून धूळ आत जाते. डब्याच्या मॅफकडच्या बाजूवर बोट फिरवा. तिथं धूळ असायचं कारणच नाही. सापडली तर मॅफ मळलाय हे जवळजवळ नक्की, आणि तो कशामुळं मळला हेही कळलं. तेल लावलेला धुता येणारा फिल्टर कुणी हौसेनं बसवला असेल तर तेलाचा तवंग शोधा. जास्त तेल ओतलं की ते तारेवर जातं आणि त्यावर धूळ चिकटते.

आता मॅफपासून थ्रॉटलपर्यंत (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेपर्यंत), डिझेलमध्ये टर्बोपर्यंत, सगळा पाइप हातानं पिळून बघा. रबरी घड्यांतली चीर पाइप नुसता असताना दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते. क्लॅम्प फिरवून बघा. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) होस, ब्रेक बूस्टरचा होस, ऑइल भरायचं झाकण, डिपस्टिक, सगळं नीट बसलंय ना? शेताजवळ किंवा मोकळ्या प्लॉटशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि होस मुद्दाम शोधा. फिल्टरच्या डब्यात तर घरटंच सापडतं कधी कधी, पावसाळ्यात तर हमखास.

शेवटी चावी बंद करून कपलर काढा. पिनांवर हिरवट थर, ओल, आत गेलेली पिन? इंजिनावर प्रेशरनं पाणी मारून घेतल्यावर दोन दिवसांत लागलेली लाइट बऱ्याचदा इथंच सापडते. जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट. कोल्हापूरकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून बाजारात फिरताहेत. सीटखालच्या कपलरांनाही तसाच हिरवा थर दिसला तर मॅफ ही तुमची सगळ्यात लहान काळजी आहे.

सावध: गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडू नका. आग लागते. धुराचं मशीन असलेल्या गॅरेजात एकदा धूर सोडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

तपासा: इथं फाटका पाइप किंवा भरलेला फिल्टर सापडला तर तो दुरुस्त करा आणि मग पुढं चला. दोन गोष्टी एकदम बदलू नका.

टप्पा ५: उभ्या गाडीत आकडे

सकाळी थंड इंजिनाला, चावी ऑन पण स्टार्ट न करता, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. एक २४ आणि दुसरा उणे ४० दाखवत असेल तर तापमानाची वायर तुटलीय. इंजिन अजून चालू नाही, म्हणून हवेचा आकडा शून्य किंवा त्याला चिकटून असावा.

गाडीत बॅरोमेट्रिक (बाहेरच्या हवेच्या दाबाचं) किंवा मॅपचं वाचन असेल तर तेही आत्ताच लिहा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवं. इंटरनेटवरच्या तक्त्यांत १०१ असतं, ते रत्नागिरीला जुळेल. पन्हाळ्यावर गेलात तर आणखी चार-पाच कमी होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात त्याचा उपयोग आहे.

मग इंजिन गरम करून स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर न दाबता, ठेवा. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला सेकंदाला दोन ते साडेतीन ग्रॅम हवा लागते. १.२ लिटरला थोडी कमी. आकडा किंचित हलत राहणं बरोबर. एकाच जागी खिळलेला किंवा एकदम शून्यावर जाऊन परत येणारा आकडा वायरिंगचा संशय देतो. रेस हळूहळू २५०० पर्यंत न्या; आकडा रेससोबत सलग चढला पाहिजे, मधेच खड्डा नको.

स्लोवरचे आकडे ठीक आले म्हणून मॅफ पास करू नका. मळलेला मॅफ स्लोवर बऱ्याचदा ठीकच वाचतो. त्याचं खोटं जास्त हवेला उघडं पडतं.

टप्पा ६: पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिम आणि चढाची चाचणी

सगळा निकाल इथं लागतो, म्हणून इथं घाई नको.

मॅफच्या आकड्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण बरोबर झालं की नाही, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. तात्पुरता आणि दीर्घ असे दोन आकडे असतात. दोघांची बेरीज धरा. उणे ५ ते अधिक ५ टक्के असेल तर निर्धास्त राहा. १० च्या पुढं गेला की कारण शोधायचं. अधिक म्हणजे ईसीयूला जादा पेट्रोल घालावं लागतंय.

तीन ठिकाणी बेरीज लिहा: स्लोवर, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि रस्त्यावर लोडखाली.

स्लोवर अधिक १८-२० आणि २५०० ला तीन-चारवर आला, तर मॅफनंतर कुठंतरी हवा चोरून आत येतेय. स्लोवर एकूण हवाच थोडी, त्यामुळं चोरीचा वाटा मोठा दिसतो. रेस वाढली की तोच वाटा किरकोळ होतो. मॅफ निर्दोष. टप्पा ४ कडं परत जा.

स्लोवर ठीक, पण लोड वाढेल तसा ट्रिम अधिककडं चढत गेला, तर मॅफ कमी मोजत असू शकतो. ‘असू शकतो’ यासाठी की पेट्रोलचा पंप थकला किंवा फिल्टर तुंबला तरी ट्रिम हुबेहूब असाच चढतो. इथंच चांगले चांगले फिटर फसतात. फरक कळायला लोडखाली हवेचा आकडा बघावा लागतो.

त्यासाठी चढ लागतो, वेग नाही. पन्हाळ्याची किंवा जोतिबाची चढण, सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना. दुसरा गिअर, एक्सलरेटर पूर्ण दाबून ४००० आरपीएमपर्यंत. बहुतेक लहान गाड्या तेव्हा साठच्या आत-बाहेर असतात. अ‍ॅपचं रेकॉर्डिंग आधी चालू करा आणि आकडे शेजारच्याला बघू द्या. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा.

हवा किती यायला हवी, त्याचा हिशेब साधा आहे. इंजिनाचे लिटर गुणिले आरपीएम, भागिले १२०. दीड लिटरला ४००० वर हे येतं सेकंदाला ५० लिटर. कोल्हापूरच्या तीस अंशांच्या हवेचं वजन लिटरला सुमारे १.०९ ग्रॅम, म्हणजे ५४-५५ ग्रॅम. टर्बो नसलेलं इंजिन यातलं ८० टक्के किंवा थोडं जास्त भरून घेतं. म्हणजे आकडा ४४ च्या आसपास किंवा वर यायला हवा. चढण वर पोचत आली असेल तर हवा विरळ होते, दोन-तीन ग्रॅम सोडून द्या. कुणी समुद्रकाठच्या आकड्याशी तुलना करून ‘दहा टक्के कमी आहे, सेन्सर गेला’ म्हणालं तर त्याला ही उंची सांगा.

आता निकाल:

१. हवा ३० ग्रॅम दिसतेय आणि ट्रिम अधिक १५ च्या वर आहे: मॅफ कमी सांगतोय. इंजिनात हवा जास्त जातेय म्हणूनच तर पेट्रोल कमी पडतंय.

२. हवा ३० ग्रॅमच आहे, पण ट्रिम शून्याच्या आसपास: मॅफ खरं बोलतोय. इंजिनाला श्वासच घेता येत नाही. तुंबलेला फिल्टर, पूर्ण न उघडणारं थ्रॉटल, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सरकलेली टायमिंग चेन यांत शोधा.

३. हवा ४५ च्या आसपास, ट्रिम अधिक १५: हवा बरोबर मोजली जातेय, पेट्रोल पोचत नाही. फ्युएल प्रेशर मोजून घ्या.

पहिल्या प्रकाराशिवाय दुसऱ्या कुठल्याही निकालावर मॅफ विकत घेऊ नका.

सावध: एक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयू ट्रिमची दुरुस्ती थांबवतो. म्हणून ट्रिमचा आकडा त्याच चढावर अर्ध्या-पाऊण एक्सलरेटरला घ्या आणि हवेचा आकडा पूर्ण दाबल्यावर.

टप्पा ७: डिझेल गाडी असेल तर

वरचा ट्रिमचा खेळ इथं चालत नाही. डिझेलमध्ये मॅफचा मोठा उपयोग ईजीआर सांभाळायला आणि काळा धूर रोखायला होतो. स्कॅनर इथं बऱ्याचदा प्रत्येक स्ट्रोकला किती मिलिग्रॅम हवा ते दाखवतो, आणि दोन आकडे देतो: ईसीयूला हवी असलेली आणि प्रत्यक्ष मिळालेली.

१.३ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा सुमारे ३१२ सीसी. ईजीआर बंद असताना स्लोवर स्ट्रोकला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास हवा दिसायला हवी. ईजीआर उघडला की जळलेला वायू जागा अडवतो आणि आकडा बराच खाली येतो. तो येणं योग्यच आहे.

आता ईजीआरचा व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकला तर? ताजी हवा खरोखर कमी जाते, मॅफ खरा आकडा सांगतो, ईसीयूला तो पटत नाही आणि कोड मॅफचा पडतो. गाडी काळा धूर टाकते, चढाला बसते. नवा मॅफ टाकून यात काडीचाही फरक पडत नाही.

म्हणून स्कॅनरवरून ईजीआर बंद-उघड करायची आज्ञा द्या आणि आकडा बघा. बंद केल्यावर तीनशेकडं चढला आणि उघडल्यावर उतरला, तर दोघंही ठीक. आज्ञेनं काहीच हललं नाही तर ईजीआर उघडून साफ करा, मॅफकडं नंतर बघू. ईजीआर बंद असल्याची खात्री आहे आणि तरी आकडा दोनशेवरच आहे, फिल्टर नवा आहे, पाइप ठीक आहे, मग मॅफवर संशय घ्यायला हरकत नाही.

टर्बो आणि इंटरकूलरमधल्या पाइपला चीर असेल तर उलटं होतं. मोजलेली हवा वाटेत बाहेर जाते, आकडा चांगला दिसतो, आणि तरी धूर. पाइपच्या जोडांवर ऑइलची ओल आणि चढाला शिट्टीसारखा आवाज, ही त्याची खूण.

टप्पा ८: वायरिंग मोजा

तुमच्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम मिळवा. नुसत्या वायरीच्या रंगावरून पिन ओळखणं धोक्याचं आहे. टेस्टर बल्ब लावू नका. त्याचा करंट ईसीयूच्या बारीक सर्किटला झेपत नाही. वायरीला सुईनं भोक पाडू नका, पावसाळ्यात तिथूनच तांबं सडतं.

१. चावी बंद, कपलर काढा, चावी ऑन. पुरवठ्याच्या पिनवर बॅटरीइतके व्होल्ट हवेत. नसतील तर फ्यूज आणि रिले. ५ व्होल्टची पिन असेल तर तिथं ४.९ ते ५.१.

२. चावी बंद, कपलर परत लावा, इंजिन चालू करा. मागून पिन घालून अर्थची वायर आणि बॅटरीचा ऋण टोक यांत मोजा. ०.१ व्होल्टच्या वर नको. वर असेल तर अर्थचा बोल्ट सोडवा, घासा, पुन्हा आवळा. पूर पाहिलेल्या गाड्यांत हा बोल्ट पहिला बघावा.

३. सिग्नलची वायर. व्होल्टवाल्या सेन्सरात स्लोवर साधारण १ ते दीड व्होल्ट, झटक्यात रेस दिल्यावर ३ च्या वर उडी आणि लगेच परत खाली. काही गाड्यांत सिग्नल व्होल्टचा नसून फ्रिक्वेन्सीचा असतो. तिथं मीटर हर्ट्झवर ठेवा, नाहीतर चांगल्या सेन्सराला मेलेला ठरवाल.

४. इंजिन चालू असताना कपलरजवळची वायर हळूच हलवा. आकडा उडाला किंवा इंजिन अडखळलं तर दोष सापडला. हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब.

तपासा: कपलर काढून चावी ऑन केलीत म्हणजे पी०१०२ नव्यानं पडला असणार. तो तुम्ही पाडलाय, वहीत तशी नोंद करा.

कपलर काढून गाडी चालवून बघायची पद्धतही आहे. ईसीयू तेव्हा ठरावीक अंदाजानं चालवतो. कपलर काढल्यावर गाडी सुधारली तर मॅफवरचा संशय वाढतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. हवागळती असलेली गाडीसुद्धा कधी कधी अशी सुधारते. न सुधारल्यानं तर काहीच सिद्ध होत नाही.

टप्पा ९: आता साफ करा

चावी बंद करून पाच मिनिटं थांबा; आतली तार गरम असते. कपलरचं कुलूप नीट दाबून काढा. उन्हातान्हात पाच-सात वर्षं गेलेलं प्लास्टिक ओढाताणीत तुटतं आणि मग सैल कपलरचा नवा आजार लागतो.

सेन्सर काढून फक्त मॅफ क्लीनरनं, हातभर नाही पण वीतभर अंतरावरून, दहा-बारा फवारे तारेवर आणि शेजारच्या तापमानाच्या मण्यावर मारा. कापसाची काडी नको, ब्रश नको, कंप्रेसरची हवा तर नकोच. कार्ब क्लीनर आणि ब्रेक क्लीनरही नको. काहींचा थर मागं राहतो, काही प्लास्टिक खातात. वीस मिनिटं आपोआप वाळू द्या. जुलैच्या दमट हवेत अर्धा तास.

बसवताना रबरी रिंग जागेवर आहे का बघा. पूर्ण नळीसकट काढला असेल तर बाण इंजिनाकडं. उलटा बसवलेला मॅफ गाडी चालू देतो, पण आकडे सगळे चुकीचे देतो.

मग टप्पा ५ आणि ६ ची मोजमापं त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, शक्यतो त्याच वेळेला पुन्हा घ्या. ३० चे ४४ झाले आणि ट्रिम खाली आला तर काम झालं. आकडा जागचा हलला नाही, वायरिंग ठीक, गळती नाही, फिल्टर नवा, तर आता मॅफ बदला.

टप्पा १०: विकत घेताना

जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. ‘अमुक गाडीचा द्या’ म्हणून मागू नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत दिसायला सारखे, कपलर सारखा, पण आकड्यांची मांडणी वेगळी असे सेन्सर असतात. नळीचा व्यासही त्या मांडणीचा भाग आहे. म्हणून दुसऱ्या गाडीच्या नळीत आपला सेन्सर खोचणं चालत नाही.

स्वस्त नकली माल हुबेहूब दिसतो आणि स्लोवर बरोबरही वाचतो. चढाची चाचणी त्याला उघडं पाडते, पण तोवर पैसे गेलेले असतात. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात घ्या की ऑनलाइन, इलेक्ट्रिकल माल परत न घेण्याची पद्धत सगळीकडं आहे. गाडीत मुळात ज्या कंपनीचा सेन्सर होता त्याच कंपनीचा घ्या, बॉश असेल तर बॉश, डेन्सो असेल तर डेन्सो, आणि पक्कं बिल घ्या.

टप्पा ११: बसवल्यावर

आता कोड पुसा. दीर्घ ट्रिमही पुसला गेलाय का बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत स्कॅनरमधून मॅफ किंवा ईजीआरचं शिकलेलं मूल्य वेगळं रीसेट करावं लागतं. ते राहिलं तर नवा सेन्सर जुन्याच दुरुस्तीवर चालतो आणि धूर तसाच राहतो.

त्यानंतर दोन-तीन दिवस मिश्र चालवणं होऊ द्या: सकाळचा थंड स्टार्ट, शहरातलं थांबत-थांबत जाणं, हायवेवर एकसारखा वेग, एखादा चढ. मग प्रलंबित कोड वाचा. चेक लाइट लागायच्या आधी दोष तिथं दिसतो. पेट्रोल गाडीत ट्रिमची बेरीज पाच-सात टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. नाही बसली तर वही घेऊन टप्पा ६ च्या तीन निकालांशी पुन्हा ताडून बघा.

तोवर जुना सेन्सर टाकू नका आणि गॅरेजातही सोडून येऊ नका. नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवा. नवाच सदोष निघाला तर दोन्ही एकाच चढावर लावून आकडे दाखवता येतात. दुकानदाराशी बोलताना एवढा पुरावा हाताशी लागतोच.